मक्त्याने दिलेली माणसे

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस अर्पण केली. कृष्णवर्णीय गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी त्या लोकांनी जी निरपेक्षता व जो स्वार्थत्याग दाखविला, त्याविषयीचा आदर त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त झाला आहे. इतक्या दूरच्या लोकांशी इतके जवळचे नाते सांगणारी अर्पणपत्रिका मराठी ग्रंथांत क्वचितच सापडेल. परंतु हे पुस्तक महाराष्ट्रात छापले जात होते त्याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत गुलामगिरी मागील दाराने पुन्हा घरात शिरली होती. डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत मंजूर झालेल्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी व सक्तीची चाकरी रद्द केली खरी. पण त्याच वाक्यात तिने एक अपवादही ठेवला. रीतसर दोषी ठरलेल्या गुन्हेगारास शिक्षा म्हणून ही चाकरी लावता येईल, असा तो अपवाद होता. १८६८ साली जॉर्जिया व मिसिसिपी या संस्थानांनी आपले कैदी खासगी व्यापाऱ्यांच्या हवाली करण्यास आरंभ केला. १८७१ साली व्हर्जिनियाच्या न्यायालयाने कैदी हा शिक्षेच्या मुदतीपुरता सरकारचा गुलामच होय, असा निर्वाळा दिला. म्हणजे जो शब्द फुल्यांनी आपल्या ग्रंथाच्या माथ्यावर निषेधासाठी कोरला, तोच शब्द अमेरिकेतील निकालपत्रात पुन्हा उजळ माथ्याने वावरू लागला होता. फुल्यांना हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्यामुळे त्यांच्या अर्पणपत्रिकेस काही उणेपणाही येत नाही. जी गोष्ट नावाने रद्द होते ती हिशेबात जिवंत राहू शकते, एवढाच बोध या योगायोगातून घ्यावयाचा.

या अपवादातून जे जग निर्माण झाले त्याने गेल्या दीडशे वर्षांत स्वतःचे असे एक वाङ्मय जन्मास घातले आहे. त्यात निबंध आहेत, गाणी आहेत, आत्मकथा आहेत, इतिहासग्रंथ आहेत आणि अगदी अलीकडच्या काळातील कादंबऱ्याही आहेत. प्रकार भिन्न असले तरी या सर्व लेखनापुढे एकच प्रश्न उभा आहे. ज्या माणसाची खूण केवळ खतावणीत उरली आहे, त्याला वाङ्मयात माणूस म्हणून कसे आणावयाचे? हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाही. तो रचनेचा व भाषेचा प्रश्न आहे. आणि त्याला प्रत्येक लेखकाने दिलेले उत्तर हेच त्याच्या कृतीचे मोल ठरविण्याचे खरे माप आहे.

प्रथम ही व्यवस्था कोणत्या जातीची होती ते ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजीत तिला ‘कन्व्हिक्ट लीज’ म्हणतात. मराठीत ‘भाडेपट्टा’ हा शब्द तिला वरवर लागू पडतो. पण भाड्याने घेतलेली वस्तू परत करावयाची असते, ही भावना त्या शब्दात आहे. तिला खरा जुळतो तो ‘मक्ता’ हा शब्द. नदीच्या उताराचा मक्ता असे, जकातीचा असे, आमराईचा असे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरावी आणि मुदतीत जेवढे उत्पन्न काढता येईल तेवढे काढावे. झाडाचा धनी पुढील वर्षाच्या बहराचाही विचार करतो. मक्तेदाराला पुढील बहराशी कर्तव्य नसते. दक्षिणेतील या व्यवस्थेचे सगळे क्रौर्य या भेदात साठविलेले आहे. १८८३ साली केंटकीतील लुइव्हिल येथे धर्मादाय संस्थांची जी राष्ट्रीय परिषद भरली, तीत दक्षिणेतील एका गृहस्थाने हा भेद निःसंकोचपणे मांडल्याचे नमूद आहे. गुलाम मालकीचा होता म्हणून त्याची निगा राखणे परवडत असे. हे कैदी काही मालकीचे नव्हेत. एक मेला तर दुसरा आणावा, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. रूळ टाकणे, कोळसा खणणे, दलदल उपसणे, राळ गाळणे ही कामे या माणसांकडून करून घेतली जात. सरकारचा तुरुंगखर्च वाचे, एवढेच नव्हे तर तिजोरीत भर पडे. १८९८ साली अॅलाबामा संस्थानाच्या एकूण महसुलापैकी सुमारे ७३ टक्के रक्कम या मक्त्यातून आली. जिथे शिक्षा हेच उत्पन्नाचे साधन होते तिथे गुन्हे कमी पडून चालत नाही. म्हणून हाताला काम नसणे, म्हणजे ‘भटकेपणा’, हाच गुन्हा ठरविण्यात आला, आणि तो मुख्यतः नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांना लावण्यात आला.

दोस्तोव्हस्कीच्या सैबेरियातील तुरुंगाच्या चित्रणाशी परिचित असलेल्या वाचकास येथे एक विरोध जाणवेल. निरर्थक श्रमाइतके माणसाला चिरडणारे दुसरे काही नाही. एका पिंपातले पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले पुन्हा पहिल्यात ओतावयास लावले तर कैदी आत्मघात करील, असा त्या कादंबरीकाराचा विचार प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत श्रम निरर्थक मुळीच नव्हता. कोळशाचे टन मोजले जात, रुळांचे मैल मोजले जात. श्रमाला पुरेपूर अर्थ होता. निरर्थक ठरला होता तो श्रमिक. या विपरीत स्थितीचे चित्रण करणे हे दोस्तोव्हस्कीच्या मार्गाने जाऊन साधणारे नव्हते. त्यासाठी निराळी वाट शोधणे प्राप्त होते.

ती वाट पहिल्यांदा शोधली जॉर्ज वॉशिंग्टन केबल याने. १८८३ च्या त्याच परिषदेत त्याने या मक्तापद्धतीवरचा आपला निबंध वाचला. पुढे तो ‘सेंच्युरी’ मासिकात आणि १८८५ साली ‘द सायलेंट साउथ’ या त्याच्या पुस्तकात प्रसिद्ध झाला. केबल हा न्यू ऑर्लीन्सचा. यादवी युद्धात तो दक्षिणेच्या बाजूने लढला होता आणि नंतर कादंबरीकार म्हणून नावारूपास आला. पण या संदर्भात त्याच्या चरित्रातील दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची आहे. लेखनावर पोट भरू लागण्यापूर्वी अनेक वर्षे त्याने कापसाच्या एका पेढीवर हिशेबनिसाचे काम केले होते. जमाखर्चाची पाने कशी वाचावीत आणि ती काय लपवितात हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने अत्याचाराच्या ऐकीव कहाण्या गोळा केल्या नाहीत. निरनिराळ्या संस्थानांनी स्वतःच छापलेले तुरुंगांचे अहवाल त्याने पुढ्यात घेतले आणि एखादी संहिता वाचावी तसे ते वाचले. किती आले, किती सुटले, किती पळाले, किती मेले. आणि या रकान्यांची बेरीज कोठे जुळत नाही. जॉर्जियाच्या पटावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, तेथील तुरुंगात माणूस जिवंत राहण्याची कमाल मर्यादा दहा वर्षे आहे. आणि तरीही न्यायालये वीस वर्षांच्या शिक्षा ठोठावीत आहेत. न्यायाधीशाने न उच्चारलेली मृत्युदंडाची शिक्षा अशा रीतीने त्याने रकान्यांतून वाचून दाखविली. अहवाल लिहिणाऱ्यांनी जे अभिमानाने सांगितले होते तेच त्यांच्याविरुद्ध साक्ष म्हणून उभे राहिले. उपरोधाचा एवढा संयत आणि एवढा परिणामकारक उपयोग त्या काळच्या निबंधवाङ्मयात थोडाच सापडेल. दक्षिणेतील वर्णव्यवस्थेवरील त्याच्या लेखनाने त्याचेच लोक त्याच्यावर उलटले. १८८५ साली तो मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन स्थायिक झाला.

तथापि केबलच्या या निबंधाची मर्यादाही स्पष्ट आहे. त्यात माणसे मोजली जातात, भेटत नाहीत. याच लेखकाने ‘द ग्रँडिसिम्स’ (१८८०) या कादंबरीत ब्रा-कूपे नावाचा एक आफ्रिकी राजपुरुष रंगविला होता. तो गुलाम म्हणून विकला जातो, पण काम करण्यास साफ नकार देतो आणि त्या नकारासाठी अमानुष शिक्षा भोगतो. त्या व्यक्तिरेखेत जी धग आहे ती मक्त्यावरील निबंधात नाही. केबलच्या ‘डॉ. सेव्हिअर’ (१८८४) या कादंबरीत तुरुंग येतो. पण तेथे कोंडला जातो तो चांगल्या घरचा, परिस्थितीने गांजलेला गोरा तरुण. म्हणजे गुलामाला कादंबरी मिळाली, गोऱ्या कैद्यालाही कादंबरी मिळाली. मक्त्यावर दिलेल्या काळ्या कैद्याला मात्र केबलने निबंधच दिला. हा दोष एकट्या केबलचा नव्हे. ज्या माणसाला पूर्वायुष्य नाही, पत्ता नाही, ज्याचे नावही पटावर चुकीचे लिहिले आहे, त्याच्याभोवती कथानक गुंफण्याचे साधन त्या काळच्या कादंबरीकडे नव्हते.

या माणसाचा स्वतःचा आवाज उमटला तो लेखनात नव्हे, गाण्यात. मक्तापद्धती संपल्यावर, म्हणजे अॅलाबामाने १८२८ नव्हे तर १९२८ साली, सर्वांत शेवटी, ती बंद करीपर्यंतच्या काळात, संस्थानांनी स्वतःच तुरुंगाचे मळे काढले होते. मिसिसिपीतील पार्चमन आणि लुइझियानातील अँगोला हे त्यांतील प्रसिद्ध. अँगोला हा पूर्वी गुलामांच्या एका व्यापाऱ्याचा मळा होता. पुढे कैद्यांच्या मक्तेदाराने तेथे कैदी राबविले आणि १९०१ पासून सरकारने तो तुरुंग म्हणून चालविला. जमीन तीच, पीक तेच; फक्त वहीवरचे नाव बदलत गेले. या मळ्यांवर कुऱ्हाडीच्या आणि कुदळीच्या ठोक्यावर गाणी म्हटली जात. एकाने ओळ टाकावी, बाकीच्यांनी ती उचलावी. ब्रूस जॅक्सन यांनी टेक्सासच्या तुरुंगांत १९६० नंतरच्या दशकात अशी गाणी गोळा केली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून या गाण्यांचे प्रयोजन उलगडते. सर्वांचे घाव एका तालात पडले की कोण हळू काम करतो हे पहारेकऱ्याला कळत नाही. अशक्ताला सशक्तांच्या तालात लपता येते. जात्यावरची ओवी दळणाऱ्या बाईचे श्रम हलके करते हे मराठी वाचकास सांगावयास नको. पण तेथे श्रम आपल्या घरासाठी असतात. येथे गाणे श्रमाला मदत करीत नाही, मुकादमाच्या मापाला चकविते. जो माल मोजला जात होता त्याच्याच तालावर या माणसांनी एक निराळे, न मोजता येणारे माप उभे केले. या वाङ्मयातील ही पहिली अस्सल कलाकृती होय, आणि तिला कर्ता नाही.

परंतु गाण्यालाही मक्तेदार मिळाला. १९३३ च्या जुलैत लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आपल्या मुलासह अँगोलास गेले आणि तेथे हडी लेडबेटर, म्हणजे पुढे ‘लेडबेली’ म्हणून गाजलेला गायक, त्यांना भेटला. त्याची स्मृती व त्याचे गायन अलौकिक होते. लोमॅक्सनी त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली नसती तर एक मोठा ठेवा नष्ट झाला असता, हे निर्विवाद आहे. गव्हर्नरला उद्देशून गायिलेल्या गाण्याने लुइझियानातून त्याची सुटका झाली, ही कथा सर्वतोमुखी झाली. वस्तुतः १९३४ मधील त्याची सुटका चांगल्या वर्तणुकीच्या नियमानुसार झाली होती. कथा खपली कारण ती ऐकणाऱ्यांना हवी होती. १९३५ साली निघालेल्या एका वृत्तपटात लेडबेटर व लोमॅक्स यांच्या भेटीचा प्रसंग पुन्हा वठविण्यात आला, आणि त्यात मुक्त झालेल्या त्या गायकाला पुन्हा कैद्याचे सोंग घ्यावे लागले. पुढे पैशांच्या वाटणीवरून दोघांचे फाटले. येथे संग्राहकाला खलपुरुष ठरविण्याचे कारण नाही. पण कैद्याच्या दुःखाला गिऱ्हाईक आहे, आणि ते दुःख बाजारात आणताना लेखक व संग्राहकही नकळत मक्तेदाराच्या जागी उभे राहू शकतात, हा इशारा या प्रकरणात आहे. या वाङ्मयाचा विचार करणाऱ्या टीकाकाराने तो स्वतःसही लागू करून घ्यावा असा आहे.

रॉबर्ट बर्न्स याचे १९३२ सालचे आत्मकथन आणि त्याच वर्षी त्यावरून निघालेला चित्रपट यांनी जॉर्जियातील साखळदंडांच्या टोळ्यांविरुद्ध देशभर खळबळ उडविली. मक्तापद्धती गेल्यावर कैद्यांना एकमेकांस जखडून सरकारी रस्त्यांवर राबविण्याची जी रीत आली तिचा हा वृत्तान्त. बर्न्स महायुद्धातून परतलेला गोरा सैनिक होता. किरकोळ रकमेच्या लुटीत तो सापडला आणि दोनदा पळाला. त्याच्या कथनात वेग आहे, संताप आहे. पण त्याचा सगळा भर ‘हे माझ्यावर का यावे’ या प्रश्नावर आहे. तेच साखळदंड ज्यांच्या पायांत पिढ्यान्‌पिढ्या होते ते त्याच्या पानांत पार्श्वभूमीसारखे राहतात. मराठीतील तुरुंगवाङ्मयाच्या संदर्भात हा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. मंडालेत लिहिलेले ‘गीतारहस्य’, धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली विनोबांची गीताप्रवचने, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेली ‘श्यामची आई’, अंदमानच्या कोलूचे वर्णन करणारी ‘माझी जन्मठेप’ हे सर्व राजबंद्यांचे लेखन आहे. आपण गुन्हेगार नाही, ही जाणीव त्या लेखनाचा कणा आहे आणि तिच्यातूनच त्याला तेज आले आहे. पण शेजारच्या बराकीत जो साधा चोर वा उचल्या होता, ज्याच्यापाशी अशी जाणीव नव्हती आणि लेखणीही नव्हती, त्याच्या श्रमाची कथा मराठीतही अजून फारशी लिहिली गेलेली नाही. निरपराध्याविषयी करुणा वाटणे सोपे असते. अपराध्याचाही श्रम चोरला जाऊ शकतो, हे जाणण्यास अधिक कठोर नीतिदृष्टी लागते.

ही दृष्टी डग्लस ब्लॅकमन यांच्या ‘स्लेव्हरी बाय अनदर नेम’ (२००८) या इतिहासग्रंथात आढळते. २००९ साली त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्लॅकमन हे व्यवसायाने पत्रकार. अॅलाबामातील कोर्टकचेऱ्यांची जुनी दप्तरे धुंडाळून त्यांनी हा ग्रंथ रचला. त्याच्या केंद्रस्थानी ग्रीन कॉटनम हा बावीस वर्षांचा काळा तरुण आहे. मार्च १९०८ मध्ये त्याला भटकेपणाबद्दल पकडण्यात आले. शिक्षा झाली तीस दिवसांची. पण त्यास पकडणाऱ्या, कोंडणाऱ्या व त्याचा खटला चालविणाऱ्या अधिकाऱ्यांचे शुल्क त्याला भरता येईना, म्हणून ते फेडण्यासाठी शिक्षा जवळजवळ वर्षभराची झाली. एका बड्या पोलाद कंपनीच्या उपकंपनीने महिना बारा डॉलरांच्या दराने त्याला बर्मिंगहॅमजवळच्या कोळशाच्या खाणीसाठी घेतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात तो मेला. कॉटनमने लिहिलेले वा उच्चारलेले एक अक्षरही उपलब्ध नाही. दुर्बळ लेखकाने ही पोकळी कल्पित संवादांनी भरून काढली असती. ब्लॅकमन तसे करीत नाहीत. त्याच्या आजा-पणज्यांपासून ते त्याच्याभोवतीच्या बाजारापर्यंत जे जे दप्तरात सापडते ते ते मांडून ते मध्यभागी त्याच्या मौनाची जागा रिकामी ठेवतात, आणि ती रिकामी आहे हे उघडपणे सांगतात. केबलने रकान्यांतून मृत्यू वाचला होता. ब्लॅकमन रकान्यांतून एका माणसाच्या नसण्याची आकृती काढतात. संयम हा येथे शैलीचा अलंकार नसून प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. ग्रंथ कोठे कोठे तपशिलांनी जड होतो, एकासारखी एक प्रकरणे येत राहतात. परंतु ती पुनरावृत्ती त्या व्यवस्थेचीच आहे.

येथे असा आक्षेप संभवतो की, हे सर्व भूतकाळात जमा झालेले आहे. शेन बाउअर यांचे ‘अमेरिकन प्रिझन’ (२०१८) हे पुस्तक या आक्षेपाचे उत्तर आहे. बाउअर स्वतः इराणमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ कैदेत होते. त्यांनी लुइझियानातील विन येथील खासगी तुरुंगात ताशी नऊ डॉलर वेतनावर पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि सुमारे चार महिने तेथे काढून हे पुस्तक लिहिले. हा तुरुंग चालविणारी कंपनी १९८३ साली टेनेसीतील नॅशव्हिल येथे स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एकाने पूर्वी टेक्सासमध्ये कापूस पिकविणारा तुरुंगाचा मळा चालविला होता. बाउअर एक प्रकरण आपल्या अनुभवाचे आणि एक इतिहासाचे अशी गुंफण करतात, आणि त्यातून जुन्या मक्त्याचा व नव्या कंपनीचा वंशसंबंध उघड होतो. पण या पुस्तकाचे खरे महत्त्व या दोहोंतील फरक दाखविण्यात आहे. जुना मक्तेदार कैद्याचे श्रम विके. नव्या कंपनीला त्याच्या श्रमाचीही गरज उरलेली नाही. सरकार तिला दर कैद्यामागे दर दिवसाला ठरावीक रक्कम देते. विन येथे ती सुमारे चौतीस डॉलर होती, आणि तुरुंग जवळजवळ भरलेला ठेवण्याची हमी करारातच होती. म्हणजे येथे माल आहे तो कैद्याचे केवळ असणे, त्याने व्यापलेली एक खाट, त्याचा संपलेला एक दिवस. म्हणूनच या पुस्तकात गाणे नाही. त्यात ऐकू येतो तो रिकाम्या वेळेचा, कंटाळ्याचा आणि अपुऱ्या पहारेकऱ्यांच्या भीतीचा आवाज. अमेरिकेतील एकूण कैद्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोक अशा खासगी तुरुंगांत आहेत आणि कैद्यांकडून श्रम करून घेण्याचा मोठा भाग आजही सरकारी तुरुंगांतच चालतो, हे येथे नमूद केले पाहिजे; एरवी सगळे पाप कंपन्यांच्या माथी मारून सरकार मोकळे होईल. बाउअर यांच्या लेखनातील सर्वांत धीट भाग तो, जिथे ते स्वतः दिवसेंदिवस कठोर होत गेल्याची नोंद ठेवतात. साक्षीदार व्यवस्थेबाहेर राहू शकत नाही, हे सत्य लोमॅक्सना उमगले नव्हते. बाउअर यांनी ते स्वतःवर घेतले आहे.

या सर्व वाटा कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द निकल बॉइज’ (२०१९) या कादंबरीत एकत्र येतात. फ्लोरिडातील मरियाना येथील मुलांच्या सुधारशाळेवर ती आधारलेली आहे. ही शाळा २०११ साली बंद झाली. शाळेच्या नोंदींत एकतीस दफने होती. विद्यापीठातील संशोधकांच्या उत्खननात पंचावन्न आढळली. या दोन आकड्यांमधील अंतर हेच या कादंबरीचे बीज आहे. तिचा नायक एल्वुड हा शिकण्याची हौस असलेला काळा मुलगा. महाविद्यालयात निघालेला असता तो चोरीच्या मोटारीत नकळत बसतो आणि सुधारशाळेत जाऊन पडतो. मुलांना मिळावयाचा सरकारी शिधा गावातील दुकानांत विकला जातो आणि तो पोचविण्याचे व गावच्या प्रतिष्ठितांची घरे रंगविण्याचे काम ‘समाजसेवा’ म्हणून मुलांकडूनच करून घेतले जाते. एल्वुड एका वहीत हे सर्व टिपून ठेवतो : कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानात, किती माल. आजवर हिशेब मक्तेदाराचा होता. येथे प्रथमच कैद्याने स्वतः हिशेब ठेवला आहे. केबलने बाहेरून जे केले ते एल्वुड आतून करतो. आणि याच हिशेबापायी तो मारला जातो. त्याचा मित्र टर्नर, ज्याला अशा वहीवर काडीचा विश्वास नव्हता, निसटतो आणि उरलेले आयुष्य एल्वुडचे नाव धारण करून जगतो. शेवटी उलगडणारी ही गोष्ट केवळ कथानकाचा चमत्कार नव्हे. पटावर चुकलेले, पुसलेले, बदललेले नाव हा या वाङ्मयाचा जुना घाव आहे. व्हाइटहेड त्यालाच प्रेमाचे रूप देतात. एक माणूस दुसऱ्याचे नाव उचलून धरतो, जशी टोळीतील सशक्ताने अशक्ताची ओळ उचलावी. भाषा अत्यंत आवरलेली आहे; मारझोडीचे प्रसंग लेखक दाराबाहेर उभा राहून ऐकवितो. हा संयम काही वाचकांस कोरडेपणा वाटण्याचा संभव आहे. परंतु वाचकाला दुःखाचे गिऱ्हाईक होऊ न देण्याचा तोच एक मार्ग होता.

नाना क्वामे अजेई-ब्रेन्या यांनी ‘चेन-गँग ऑल-स्टार्स’ (२०२३) या कादंबरीत नेमका उलटा मार्ग धरला आहे. तिच्यातील भविष्यकाळात खासगी तुरुंगांतील कैदी सुटकेच्या आशेने प्रेक्षकांसमोर एकमेकांचा जीव घेणारी द्वंद्वे खेळतात, आणि हा खेळ देशातील सर्वांत लोकप्रिय करमणूक बनला आहे. कादंबरीच्या पानांखाली तळटिपा आहेत. काहींत खरे कायदे व खरी आकडेवारी आहे. काहींत नुकत्याच मेलेल्या काल्पनिक पात्राचे चार ओळींचे चरित्र. खतावणी आणि मृत्युलेख येथे एकाच जागी येऊन बसले आहेत. ही कल्पना खचित मोलाची आहे. परंतु द्वंद्वांची वर्णने इतकी झगमगीत आहेत की, ज्या प्रेक्षकाचा लेखक धिक्कार करतो त्याच्याच शेजारी तो वाचकाला बसवितो. हे हेतुपुरस्सर आहे, असे म्हणता येईल. तरी हेतू समजल्याने रस ओसरतोच असे नाही. तळटीप वाचण्यासाठी जो थांबतो तोच वाचक तरतो. कादंबरीने आपले नैतिक बळ पानाच्या तळाशी ठेवावे आणि तिचा वेग मात्र वरच्या बाजूस असावा, ही तिची दुभंगलेली रचना आहे. तिच्या यशाचे आणि अपयशाचे मूळ या एकाच गोष्टीत आहे.

केबलपासून येथवरच्या या प्रवासावरून एक निष्कर्ष काढता येतो. या विषयावर केवळ करुणेने लिहिलेले टिकले नाही आणि केवळ आकडे मांडणारेही अपुरे ठरले. ज्यांनी खतावणी फेकून न देता तिच्यावर विश्वासही ठेवला नाही, जिने माणूस गिळला तिलाच साक्षीला बोलाविले, त्यांचे लेखन टिकले. तेराव्या दुरुस्तीतील अपवादाप्रमाणेच संस्थानांच्या घटनांतील तसे अपवाद काढून टाकण्याचे प्रयत्न आज चालू आहेत. २०१८ साली कोलोराडोच्या मतदारांनी तो काढला. २०२२ साली खुद्द अॅलाबामाने काढला. परंतु २०२४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तसा प्रस्ताव फेटाळला. एका पोटवाक्याशी चाललेला हा झगडा संपलेला नाही, आणि म्हणून हे वाङ्मयही संपलेले नाही.

भारतीय वाचकाने हे सर्व परक्या देशाची कथा म्हणून वाचून बाजूस ठेवू नये. मराठी न्यायालयीन भाषेत ‘सक्तमजुरी’ असा एक शब्द आहे. तो रोज वर्तमानपत्रांत येतो आणि कोणी त्याच्याशी थबकत नाही. मजुरी म्हणजे काम, आणि मजुरी म्हणजे त्या कामाचा मोबदलाही. या जोडशब्दातील दुसरा अर्थ बराच काळ निजलेला होता. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या श्रमास न्याय्य वेतन दिले पाहिजे असे सांगून तो जागा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने, सुकन्या शांता या पत्रकार स्त्रीच्या याचिकेवरून, तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरविले. झाडलोट व मैलासफाई एका जातीच्या कैद्यांनी करावी आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीच्या, असे नियम स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे छापील पुस्तकांत सुखाने नांदत होते. ते कोणी लपविलेले नव्हते. केबलपुढील अहवालांप्रमाणे तेही उघड होते. फक्त ते संहितेसारखे वाचणारे कोणी हवे होते. फुल्यांनी अमेरिकेतील दास्य आणि येथील जातिभेद एका अर्पणपत्रिकेत शेजारी ठेवले, तेव्हा त्यांनी अशाच वाचनाचा पाया घातला होता.